आल्याची बिअर काचेत भरायचीय: भंगारातली बाटली, स्विंग-टॉप की गोटीची?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. विचारणारे कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतात, जिंजर बग (आलं, साखर आणि पाण्याचं आंबवलेलं विरजण) लावून एका वेळी पाच-सहा लिटर आल्याची बिअर करतात, आत्तापर्यंत सोड्याच्या प्लास्टिक बाटल्यांत भरत होते, आता परत परत वापरता येईल अशी काचेची बाटली हवीय. समोर चार पर्याय आहेत. भंगारवाला देतो त्या ६५० मिलीच्या बिअरच्या बाटल्या, ऑनलाइन मिळणाऱ्या तारेच्या झाकणाच्या स्विंग-टॉप, मित्राकडे साठलेल्या वाइनच्या, आणि गावच्या घरी माळ्यावर पडलेल्या गोटी सोड्याच्या. यातलं काय घेऊ आणि झाकण कुठलं बरं, असा प्रश्न आहे. खाली एकांनी "काच ती काच, कुठलीही चालते" असं लिहिलंय, ते कृपा करून आधी डोक्यातून काढा.

मी बरीच वर्षं बिअरच्या बॉटलिंग लाइनवर काम केलंय आणि आता घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) आणि आल्याची बिअर करतो, तर दोन्हीकडचं बघून सांगतो. झाकणाचा प्रश्न नंतरचा आहे हो. आधी हे ठरवायला लागतं की आत दाब किती होणार आणि तो वाढायचा थांबणार कधी, आणि नेमकं इथेच तुमची आल्याची बिअर खऱ्या बिअरपेक्षा जास्त डेंजर आहे. लोकांना उलटं वाटतं. बिअर म्हणजे स्ट्राँग, तिची बाटली भक्कम, मग आपल्या सरबतासारख्या पेयाला ती आरामात पुरेल. तसं होत नाही.

कारण सांगतो. बिअर बाटलीत भरतात तेव्हा तिच्यातली साखर यीस्टने जवळजवळ सगळी खाऊन टाकलेली असते. हायड्रोमीटरचं (पेयात साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी) रीडिंग दोन-तीन दिवस तेच आलं की मगच भरायचं, आणि भरताना मोजून थोडी साखर घालायची, ती संपली की गॅस व्हायचा थांबतो. हिशोब सोपा आहे, लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एक लिटर पेयात एक लिटर गॅस. ४ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. साधी बिअर अडीच व्हॉल्यूमच्या आसपास असते, गव्हाची असेल तर तीन-साडेतीन किंवा त्याच्याही वर.

आता तुमच्याकडे बघू. तुम्ही लिहिलंय की लिटरला ८० ग्रॅम साखर घालता आणि दोन दिवसांनी "गोड लागतंय तोवरच" बाटलीत भरता. म्हणजे बाटलीत कमीत कमी ५०-६० ग्रॅम साखर शिल्लक आहे आणि यीस्ट जिवंत आहे. ५६ ग्रॅम धरले तर ५६ भागिले ४, चौदा व्हॉल्यूम. इतका दाब घरात वापरायची कुठलीच बाटली घेणार नाही, शॅम्पेनची पण नाही. तुमच्या बाटल्या आत्तापर्यंत फुटल्या नाहीत कारण तुम्ही त्या वेळेत फ्रिजमध्ये टाकता, बस. इथे ब्रेक म्हणजे फक्त फ्रिज. बाटली चांगली घेऊन तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो, ब्रेक मिळत नाही.

मग पूर्ण आंबू द्यावं का, म्हणजे बिअरसारखं सेफ होईल? तर ८० ग्रॅम साखर पूर्ण आंबली की पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं, म्हणजे ती सरळ दारूच झाली, आणि महाराष्ट्रात घरी विनापरवाना दारू बनवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली गुन्हा आहे. शिवाय ते गोडही राहत नाही, कोरडं आंबट-तिखट लागतं. त्यामुळे ते सोडा, गोड आणि कमी आंबवलेलंच करा, फक्त त्याची किंमत काय आहे ते माहीत असू दे.

दाबाचे आकडेही एकदा बघून घ्या कारण पुण्याचा उन्हाळा इथे येतो. तेच अडीच व्हॉल्यूमचं पेय फ्रिजमध्ये ४ अंशाला असेल तर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पाऊण बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) जास्त दाब असतो. २५ अंशाला सव्वादोन बारच्या पुढे, म्हणजे गाडीच्या टायरमध्ये हवा भरतो तेवढा. आणि ४० अंशाला साडेतीन बारच्याही वर. साखरेचा एक कणही जास्त न आंबता, फक्त बाटली गरम झाली म्हणून. वर गरमीत यीस्टही जोरात पळतं ते वेगळंच. एप्रिल-मेमध्ये दुपारी ड्राय बाल्कनीत किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर काय होतं याची तुम्हाला कल्पना आहेच.

आता बाटल्या.

भंगारातली बिअरची बाटली. ही मला मनापासून आवडते, ब्राऊन रंगाची, गोल, दाबासाठीच बनवलेली, तोंडाला २६ मिलीमीटरचं क्राऊन बूच, म्हणजे दातेरी कडेचं पत्र्याचं झाकण, बसतं आणि पडते अगदी स्वस्त. पण तिचा भूतकाळ कुणालाच माहीत नसतो. आपल्याकडे बिअरच्या बऱ्याचशा बाटल्या परत कारखान्यात जातात, गरम कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा भरल्या जातात, असं कितीतरी वेळा. भरलेली बाटली मग पाश्चरायझरमधून, म्हणजे जंतू मारायला गरम पाणी मारतात त्या लांब बोगद्यातून जाते, तिथे साधारण ६० अंशापर्यंत तापते आणि आतला दाब सहा बारच्या घरात जातो. जी बाटली कमजोर असते ती तिथेच, त्या बोगद्यात फुटते, आवाज येतो आणि लाइनवरचा कुणी मान वळवूनही बघत नाही. म्हणजे दुकानात आलेली बाटली ती परीक्षा पास होऊन आलेली असते. पण त्यानंतर ती बारमधून गोणीत, गोणीतून टेम्पोत, टेम्पोतून भंगाराच्या ढिगात आदळत जाते, आणि ती परीक्षा परत कुणी घेत नाही. ती परीक्षा तुमच्या किचनमध्ये होते.

काचेची ताकद तिच्या जाडीपेक्षा पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांवर जास्त अवलंबून असते. बाटलीचा खांदा आणि तळाजवळचा भाग बघा, जुन्या बाटलीला तिथे पांढरट, घासलेले पट्टे दिसतात, लाइनवर बाटल्या एकमेकींना घासून झालेले. हलका पट्टा असेल तर चालतं. पट्टा रुंद असेल आणि नख फिरवल्यावर खरखर लागत असेल तर ती बाटली घरी आणूच नका. ओठाला टवका उडालाय का हे बघायला कापसाचा बोळा तोंडावरून फिरवायचा, टवका असेल तर कापसाचे धागे अडकतात, डोळ्याला न दिसणारेही सापडतात. ट्यूबलाइटसमोर धरून फिरवा, तळाच्या कडेला चंद्रकोरीसारखी चमकणारी चीर दिसली की बाद. वाजवूनही बघतात लोक, खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर तडा गेलेला. मोठा तडा त्यात कळतो, ओरखडे कळत नाहीत, त्यामुळे नुसत्या आवाजावर जाऊ नका.

आणि वास घ्या! आपल्याकडे रिकाम्या बिअरच्या बाटलीत लोक रॉकेल, फिनेल, टर्पेंटाइन, ॲसिड काय वाट्टेल ते ठेवतात. जरा जरी शंका आली तरी धुवायच्या भानगडीत न पडता परत देऊन टाका. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळतात त्यांच्याबद्दलही हेच. मला विचाराल तर ओळखीच्या परमिट रूमवाल्याला सांगून ठेवा, एकाच ब्रँडच्या, त्याच आठवड्यात रिकाम्या झालेल्या, क्रेटमध्येच राहिलेल्या बाटल्या घ्या. गोणीतल्या आणि क्रेटमधल्या बाटलीत खूप फरक असतो. एकाच प्रकारच्या घेतल्या की किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघता येतं, त्याच मापात एखादी बरीच हलकी निघाली तर बाजूला काढायची. ज्या बाटलीच्या तोंडाला आटे असतात, हाताने पिळून उघडायची, ती नको, साध्या हात-मशीनने तिच्यावर बूच नीट बसत नाही, कुठून तरी गॅस जातोच.

अशा निवडलेल्या बाटलीत मी स्वतः अडीच व्हॉल्यूमच्या वर जात नाही. म्हणजे मोजून साखर घातलेल्या पेयाला ती उत्तम, तुमच्या अर्धवट आंबलेल्या गोड पेयाला माझ्या मते नाही.

रंगाचं म्हणाल तर ब्राऊन काचेचा फायदा हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) असलेल्या पेयाला. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात तुटतात आणि एक घाण वास मारणारं गंधकयुक्त संयुग तयार होतं, ब्राऊन काच तो उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी नाही अडवत. आल्यात हॉप्स नाहीत, त्यामुळे तुम्हाला पांढरी काच चालेल, उलट आत काय चाललंय ते दिसतं.

क्राऊन बुचाला मशीन लागतं. घरगुती सॉस-स्क्वॅश करणारे वापरतात ते हाताने दाबायचं क्राऊन कॉर्किंग मशीन चालतं, स्टँडवालं घ्या. हातोडीने ठोकून बसवायचं घेऊ नका, मान तुटते. दोन दांड्यांचं जे येतं ते बाटलीच्या मानेखालची कडा पकडून काम करतं, त्या कडेचा आकार जमला नाही तर सटकतं. बूच नीट बसलं की नाही ते व्हर्नियरने (बारीक माप घ्यायचं साधन) बघता येतं, दाबलेल्या बुचाचा बाहेरचा व्यास २८.७ मिलीमीटरच्या आसपास यायला हवा, २९ च्या वर असेल तर ढिलं आहे. बुचं रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला पॅकिंगच्या दुकानांत विचारा, पण आत लायनर (गॅस अडवणारं मऊ अस्तर) असलेली नवीच घ्या, वापरलेली परत दाबायची नाहीत.

स्विंग-टॉप. तुमच्यासाठी मी हीच सुचवेन, पण एका मोठ्या अटीवर. बाजारात या नावाखाली दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक दाबासाठी बनवलेली, गोल, जाड, जड. दुसरी तेल, व्हिनेगर, फ्रिजमधलं पाणी यासाठी बनवलेली शोभेची, बरेचदा चौकोनी, वर नक्षी, आणि फोटोत तीच जास्त छान दिसते. तुम्ही ज्या बाटलीची लिंक दिलीय ती चौकोनी आहे, ती घेऊ नका. गोल बाटलीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो, चौकोनी बाटलीच्या सपाट बाजू बाहेर फुगायला बघतात आणि सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. विकणाऱ्याच्या वर्णनात ती कार्बोनेटेड पेयासाठी किंवा फर्मेंटेशनसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं "एअरटाइट" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच की मुंग्या जाणार नाहीत.

हे झाकण १८७५ पासून चालत आलंय, म्हणजे १८९२ च्या क्राऊन बुचाच्याही आधीचं, आणि अजून टिकलंय कारण मशीन लागत नाही. त्यातला कमजोर भाग म्हणजे रबरी वॉशर. तो कडक झाला, चपटा झाला किंवा त्याला आल्याचा वास कायमचा बसला की बदलायचा, सुटे वॉशर मिळतात, बाटल्यांबरोबरच एक पाकीट मागवून ठेवा. नवीन बाटली आली की आधी तपासायचं, थंडगार विकतचा सोडा अर्धी बाटली भरून झाकण लावा आणि पाण्याच्या बादलीत उलटी बुडवा, तोंडाशी बुडबुडे आले तर तार ढिली आहे नाहीतर वॉशर. तार पक्कडीने थोडी वाकवून घट्ट करता येते. काही जण म्हणतात दाब जास्त झाला की स्विंग-टॉप आपोआप गॅस सोडते म्हणून सेफ. कधी सोडते, कधी नाही सोडत, त्याच्या भरवशावर राहू नका.

वाइनची बाटली: नाही. साध्या वाइनच्या बाटलीला दाब सोसायचं कामच नसतं. व्हिस्की, रम, सॉस, सरबत, मध, सगळ्यांना हेच उत्तर.

फक्त मित्राकडे स्पार्कलिंग वाइनच्या रिकाम्या असतील तर त्या मात्र सोडू नका. नाशिककडे बनणाऱ्या स्पार्कलिंगच्या बाटल्याही आल्या त्यात. जाड काच, तळाला खोल खळगा, आणि पाच-सहा बारचा दाब आत घेऊनच त्या बाजारात आलेल्या असतात. घरी मिळू शकेल त्यातली ही सगळ्यात भक्कम बाटली. अडचण झाकणाची आहे, यातल्या बऱ्याच बाटल्यांना २९ मिलीमीटरचं बूच लागतं, बिअरचं २६ चं बसत नाही, मग प्लास्टिकचं बूच आणि त्यावर तारेची जाळी असं करावं लागतं. ते जमत असेल तर स्विंग-टॉपपेक्षाही हे वरचं. उघडताना तोंड माणसांकडे आणि टीव्हीकडे करायचं नाही.

गोटी सोड्याची बाटली बघून मलाही मोह झाला असता. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास ही पेटंट केली आणि आपल्याकडे ती अजून दिसते. पण तिची गंमत अशी की ती गॅसच्या दाबाखाली, उलटी धरून भरतात, आतल्या दाबामुळे गोटी वर जाऊन रबराच्या कड्यावर घट्ट बसते. तुमच्या पेयात भरताना दाब नसतोच, तो नंतर हळूहळू तयार होतो, त्यामुळे गोटी बसतच नाही आणि सगळा गॅस निघून जातो. वर त्या खाचेत ब्रश जात नाही. शोकेसमध्ये ठेवा, छान दिसतील.

धुण्याबद्दल फार लिहीत नाही. प्यायल्या प्यायल्या लगेच विसळा, तळाला गाळ वाळला की निम्मा वैताग तिथेच. लेबलं निघायला धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर आत पांढरा थर धरतो, तो व्हिनेगरने जातो. बाटलीत वाळू नाहीतर खडे घालून खुळखुळवायची जुनी युक्ती इथे चालणार नाही, आतून ओरखडे पडतात, लांब दांड्याचा ब्रश घ्या. आणि थंड बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, साध्या काचेला ४० अंशांपेक्षा जास्तीचा अचानक फरक झेपत नाही, लगेच फुटली नाही तरी बारीक चीर पडून पुढच्या वेळी फुटते. पातेल्यात तळाशी फडकं टाकून गार पाण्यातच बाटल्या ठेवा आणि सावकाश तापवा.

आता तुमच्या केसमध्ये मी काय करेन ते सांगतो. ५०० मिलीच्या गोल, जाड स्विंग-टॉप घेईन, सहा लिटरला बारा लागतील, पण आधी फ्रिजमध्ये बारा बाटल्या एका वेळी उभ्या राहतात का ते बघेन, नसतील राहत तर तेवढंच पेय काचेत भरेन, बाकीचं प्लास्टिकमध्ये. चोथा बारीक गाळणीने, मग फडक्याने गाळेन, कारण आल्याचे कण राहिले की उघडताना सगळा गॅस त्यांच्यावर एकदम सुटतो आणि फवारा छताला जातो. भरण्याआधी नीट ढवळेन, साखर तळाशी राहिली तर शेवटच्या दोन बाटल्यांत जास्त जाते आणि नेमक्या त्याच फुटतात. वर अडीच-तीन सेंटिमीटर जागा सोडेन.

आणि प्रत्येक वेळी एक सोड्याची प्लास्टिक बाटली त्याच पेयाने, तेवढीच भरून बाकीच्यांच्या शेजारी ठेवेन. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. काच दाबून बघता येत नाही, प्लास्टिक येतं. सकाळ-संध्याकाळ ती दाबायची, विकतच्या सोड्यासारखी कडक लागली की त्याच मिनिटाला सगळ्या फ्रिजमध्ये. थंडीत चार-पाच दिवस लागू शकतात, उन्हाळ्यात एका दिवसात काम होतं, म्हणून रेसिपीतल्या "तीन दिवस ठेवा"ला काही अर्थ नाही. रोज झाकण उघडून गॅस सोडायचा, असंही बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, किती सोडला आणि किती राहिला काहीच कळत नाही, आणि एक दिवस गावाला गेलात की संपलं.

फ्रिजबाहेर असेपर्यंत बाटल्या झाकणाच्या क्रेटमध्ये किंवा जुन्या कूल-बॉक्समध्ये, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. ओट्यावर उघड्या ठेवायच्या नाहीत, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही. उघडायच्या आधी पूर्ण एक दिवस गार झालेली हवी, आणि टॉवेलमध्ये धरून उघडा. एखादी बाटली बाहेर विसरून राहिली आणि संशय वाटला तर तिला हलवू नका, हातमोजे आणि चष्मा घालून, जाड टॉवेल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी उघडा.

एप्रिल-मेमध्ये मात्र मी काच वापरायला सांगणार नाही. त्या दोन महिन्यांत प्लास्टिकच बरं, दिसायला वाईट आहे मान्य, पण फुगते आणि आधी सांगते. काचेचा सीझन पुण्यात साधारण पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

एक बाटली किती वेळा वापरायची हेही विचारलंय. त्याला आकडा नाही. दर वेळी धुतल्यावर उजेडात धरायची, ओठावरून कापूस फिरवायचा, एकदा जरी खाली पडली किंवा नळावर जोरात आपटली तरी दिसायला धड असली तरी दाबाच्या कामातून काढायची, फ्रिजच्या पाण्याला वापरा. तुमचा फ्रिज किती लिटरचा आहे आणि बाटलीत भरताना चव कितपत गोड असते ते लिहा, म्हणजे साखर किती कमी करता येईल ते सांगता येईल, ८० ग्रॅम मला तसेही जरा जास्त वाटतात.